पत्त्यांच्या डावातून जगाची ओळख

कर्ली नदीकाठच्या वालावल (ता. कुडाळ) परिसरात दशावतारी नाटके पाहत वाढणाऱ्या मुलांना मत्स्य, कूर्म, परशुराम ही नावे शिकवावी लागत नाहीत. इराण, इजिप्त, जपान मात्र त्यांच्यासाठी नकाशावरची नावेच राहतात. हे अंतर मिटविणारे एक साधन शेजारच्या सावंतवाडीत तयार होते. ते म्हणजे गंजिफा.

पानांचा प्रवास

हाताने रंगविलेल्या गोल पानांचा हा खेळ इराणकडून भारतात आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठविल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. मोगल संचात आठ रंगांची 96 पाने असत. भारतीय चिताऱ्यांनी त्याला दहा अवतारांचे रूप दिले आणि पाने झाली 120. लोप पावत चाललेली ही कला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात पुन्हा उभी केली.

पत्त्यांची दुसरी वाट पश्चिमेकडे गेली. इजिप्तच्या ममलूक राजवटीतील पत्ते आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. त्यांत नाणी, पेले, तलवारी व पोलोच्या काठ्या असे चार रंग आढळतात. चौदाव्या शतकात हे पत्ते युरोपात पोहोचले. तेथे पोलो अपरिचित असल्याने काठीचा साधा सोटा झाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पत्ते जपानला नेले आणि ‘कारुता’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द तेथे रुजला.

नियम म्हणजे संकेत

दशावतारी गंजिफात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, तो डाव सुरू करतो. रात्री हा मान कृष्णाच्या राजाला. पाच रंगांत दश्शी एक्क्यापेक्षा वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का दश्शीपेक्षा मोठा. कोणता नियम बरोबर, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो. जेथे जो संकेत, तेथे तो खरा.

नेमका हाच धडा ‘बार्न्गा’ हा वर्गातील खेळ देतो. मूळचे भारतीय असलेले शिवशैलम त्यागराजन यांनी लायबेरियात काम करताना 1980 मध्ये तो रचला. वर्गाचे चार-चार जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक्का ते सत्ती अशी 28 पाने व लेखी नियम द्यावेत. गटागटांचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे हुकूम असतो, कुठे नसतो. मुलांना मात्र हे ठाऊक नसते. सराव झाल्यावर नियमांचे कागद काढून घ्यायचे आणि बोलण्यास बंदी करायची. मग जिंकणारे व हरणारे जागा बदलून दुसऱ्या गटात जातात. हात कोणी केला, यावरून खाणाखुणा, चिडचिड, हताशपणा सुरू होतो.

खरे शिक्षण डाव संपल्यावर घडते. समोरचा लबाडी करतो असे का वाटले? कोणी माघार घेतली? ही चर्चा टाळल्यास खेळाची केवळ करमणूक होते. पत्ते म्हणजे जुगार, असा पालकांचा आक्षेप असल्यास पुठ्ठ्यावर मासा, नारळ, होडी व फणस काढून मुलांनीच पाने तयार करावीत.

वर्गातला पाहुणा

कोकणातील आंबाबागांत राखणीसाठी नेपाळी कुटुंबे येतात. शहरांतील शाळांत तर अनेक प्रांतांची मुले एकत्र बसतात. भाषा न कळणारे नवे मूल गप्प राहते आणि त्याला ‘मठ्ठ’ ठरविले जाते. ‘बार्न्गा’त काही मिनिटे सारा वर्गच त्याच्या जागी उभा राहतो.

त्यानंतर त्या मुलाला शिकविण्याची संधी द्यावी. नेपाळचा ‘बाघचाल’ हा आपल्या वाघबकरीचा सख्खा भाऊ. 25 घरांच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या. खडू, फरशी आणि खडे एवढ्यावर तो मांडता येतो. पोशाख, झेंडे व खाद्यपदार्थांच्या तक्त्यांतून परका देश दिसतो. त्याचा खेळ त्याच्या नियमांनी खेळताना मात्र तेथील माणूस कळू लागतो.