दुष्काळातील कुदळ आणि कचेरीतील लेखणी

कामधंद्याची टंचाई आली म्हणजे सर्वांआधी उंबऱ्याबाहेर कोण राहतो, हा प्रश्न आपल्या गडहिंग्लजास नवा नाही. आपला हा पेटा पूर्वी करवीर संस्थानात मोडत असे. म्हणून त्याचे उत्तर शोधताना राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीकडेच वळावे लागते.

महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. दोनच वर्षांनी, १८९६-९७ साली, मोठा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आला. दरबाराने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली आणि अन्नास मोताद झालेल्यांसाठी दुष्काळी कामे काढली. कुदळ धरणाऱ्यास भाकरी मिळाली. परंतु दुष्काळ सरताच काम संपे आणि मजूर पुन्हा होता तेथेच राही. कचेरीतील लेखणी त्याच्या हाती क्वचितच येई. १८९४ साली दरबारच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा शिक्षणात पुढारलेल्या एकाच ज्ञातीकडे होत्या; इतर सर्व समाजांच्या वाट्यास मिळून ११ आल्या होत्या.

यावर उपाय म्हणून, महाराज विलायतेत असता, २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारचा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात, असे त्यात फर्माविले होते. त्याहून महत्त्वाचे आम्हांस वाटते ते दुसरे कलम: प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस आपल्या नोकरवर्गाचे पत्रक सरकारात पाठवावे. नुसत्या औदार्याचा विसर पडतो. हिशेबाचा पडत नाही.

हुकूम निघाला तरी शिकलेले उमेदवार हवेत. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम झाला.

आमचे पणजोबा दुष्काळी कामावर खडी फोडीत असत. आजोबा बोर्डिंगात राहून शिकले व कारकून झाले. म्हणूनच आम्हांस मास्तरकी लाभली. तीन पिढ्यांची ही वाट आहे.

आज पुन्हा जागा थोड्या व उमेदवार उदंड झाले आहेत. अशा वेळी आपल्यापैकी जे आत पोहोचले, त्यांनी पाठीमागे दार लोटून घ्यावे काय? आपल्याच ज्ञातीतील शेतमजुराची मुलगी अजून बाहेर उभी आहे. प्रत्येक सुस्थित कुटुंबाने यंदा अशा एका तरी मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा आणि पुढील वार्षिक सभेत त्याचा हिशेब मांडावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.