घाटमाथा आणि घरचा डॉक्टर

लोणावळे म्हटले की हवापालट आठवतो. प्रकृती सुधारण्यासाठी मुंबईची माणसे येथे येत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले तेही येथेच. परंतु मूळच्या मावळकराच्या प्रकृतीकडे कोण पाहत होते, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली. तो मार्ग बांधताना मजूर रोगराईने हजारोंनी दगावले. खुद्द मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, वारला. काम पुढे चालविले ते त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने. मक्तेदाराची ही गत, मग पाटीवाल्याची काय वर्णावी! पुढे रेल्वेने आपल्या नोकरांपुरती औषधपाण्याची सोय केली. नौदल आले, तसे त्याचे रुग्णालयही आले. पगारपत्रकावर ज्याचे नाव, त्याला डॉक्टर. भातखाचरात राबणाऱ्याचे नाव कोणत्याच पत्रकावर नव्हते.

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने दाखवून दिले की, देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आहे. (इंग्रज आपल्या घाटालाही ‘भोर घाट’ म्हणत, नात्याचा शोध कोणी घेऊ नये!) चाळीस हजार वस्तीमागे एक आरोग्यकेंद्र, ही त्या समितीची तातडीची योजना. १९५२ पासून अशी केंद्रे निघू लागली. मावळात खडकाळा, टाकवे येथे ती आहेत. पण केंद्र गावाचे असते, माणसाचे नव्हे. डॉक्टरची बदली होते आणि रोग्याची सारी हकिगत त्याच्याबरोबर जाते.

विलायतेत १९४८ पासून प्रत्येक प्रौढास आपले नाव एखाद्या डॉक्टरकडे नोंदविता येऊ लागले. आपल्याकडे त्याच साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये तो मुंबईत लागू झाला. गिरणी कामगाराने पेठेतला डॉक्टर निवडावा, त्याच्या यादीत नाव घालावे, आणि डॉक्टरास माणशी ठरावीक मोबदला मिळावा, अशी ती व्यवस्था. म्हणजे घाट उतरून गिरणीत शिरलेल्याला स्वतःचा डॉक्टर मिळाला. शेतावर राहिलेल्या त्याच्या भावाला नाही. मावळातून मुंबईस गेलेला डबेवालाही वगळलाच गेला, कारण तो कोणाचा नोकर नव्हता, स्वतःचाच धनी होता.

गावच्या केंद्रांचा भर पुष्कळ काळ बाळंतपण, लसटोचणी आणि कुटुंबनियोजन यांवर राहिला. ते आवश्यकच होते. मात्र चाळिशीच्या गड्याचा रक्तदाब तपासावा, असे कोणाच्या मनात येत नसे. आणि रक्तदाब तर दुखत नाही. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी हे सरकारी धोरण झाले ते अलीकडे, आणि २०१८ पासून उपकेंद्रांतून त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. आता वहीत आकडा नोंदला जातो. पुढल्या खेपेस तो आकडा ओळखणारे माणूस तेच असेल काय, हे मात्र अजून बदलीच्या हुकमावर अवलंबून आहे.