माउंटन बाईकच्या टायरमधील हवेचा दाब

माउंटन बाईकच्या टायरमधील हवेचा योग्य दाब म्हणजे स्वार व सायकल यांचा भार पेलताना रिम दगडावर आपटू न देणारा आणि तरीही टायरला खडबडीत जमिनीवर पकड घेऊ देणारा दाब होय. तो पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) किंवा बार या एककांत मोजतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वाधिक आकडा ही सुरक्षिततेची मर्यादा असते, शिफारस नव्हे.

== पार्श्वभूमी ==
हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी असा टायर सायकलसाठी प्रचारात आणला. रुंद टायरची माउंटन बाईक १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात आकारास आली.

== तत्त्व ==
टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारणपणे भार भागिले दाब इतका असतो. मागील चाकावर ५४ किलो भार आणि ३० पीएसआय दाब असल्यास तो सुमारे २५ चौरस सेंटिमीटर भरतो; दाब दुप्पट केल्यास निम्मा होतो. म्हणून अतिफुगलेला टायर खड्यांवरून उसळतो व वळणावर घसरतो. दाब फार कमी असल्यास टायर वळणावर डळमळतो, चढावर जड जातो आणि दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

== योग्य दाब ठरविणे ==
सुमारे ७५ किलो वजनाच्या स्वाराने, ट्यूब असलेल्या २.२ ते २.४ इंच रुंद टायरसाठी, पुढे २८ व मागे ३१ पीएसआयपासून आरंभ करावा. मागील चाकावर अधिक भार येत असल्याने तेथे दाब थोडा जास्त ठेवतात. ट्यूबविरहित टायरमध्ये ट्यूब चिमटण्याचा धोका नसल्याने दाब ३ ते ५ पीएसआयने कमी चालतो. नंतर एकाच वाटेवर पुनःपुन्हा फेऱ्या मारून प्रत्येक वेळी दाब २ पीएसआयने उतरवावा. रिम दगडाला लागल्याचा ठोका जाणवला किंवा टायर डळमळला, की दाब पुन्हा २ पीएसआयने वाढवून तो आकडा नोंदवून ठेवावा.

== मापन ==
भारतातील साध्या सायकलींत डनलॉप व्हॉल्व्ह आढळतो. त्यातील रबरी व्हॉल्व्ह ट्यूब हवा उलट येऊ देत नाही. त्यामुळे पंपावरील मापक टायरमधील खरा दाब दाखवीत नाही. अंगठ्याने टायर दाबून घेतलेला अंदाजही फसवा ठरतो. मोटारसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबचा दाब मात्र साध्या मापकाने मोजता येतो. मापन फेरीपूर्वी, टायर थंड असताना आणि शक्यतो एकाच मापकाने करावे.

== परंडा परिसरातील परिस्थिती ==
धाराशिव जिल्ह्यातील परंडा परिसर दख्खनच्या बेसाल्टी पठारावर असून एकाच फेरीत डांबरी सडक, मुरूम व काळी माती लागू शकते. अशा वेळी दाब सर्वांत खडतर टप्प्यास साजेसा ठेवणे इष्ट. डांबरी सडकेवर थोडे अधिक श्रम पडतात, परंतु पकड सुटत नाही. पावसाळ्यात काळी चिकणमाती चाक व फ्रेम यांच्यामधील जागेत साचते. तेथे दाब कमी करून उपयोग होत नाही, चिखल ओसरण्याची वाट पाहणेच योग्य.

बाभळीचा काटा कोणत्याही दाबाच्या टायरमध्ये शिरतो. त्यावर ट्यूबविरहित टायरमधील छिद्र बुजविणारा द्रव हा उपाय आहे. उन्हाळ्यात पहाटे २५ अंश सेल्सिअस असताना ३० पीएसआय भरलेला टायर ४० अंशांपर्यंत तापल्यास त्यातील दाब सुमारे २ पीएसआयने वाढतो. त्यामुळे सकाळी ठरविलेला आकडा दुपारच्या फेरीपूर्वी पुन्हा तपासावा लागतो.