हरण्याचा उत्सव : जयपूरचा फाग

होळीचा आध्यात्मिक अर्थ सांगावयाचा झाला की बहुधा प्रल्हादाची कथा पुढे केली जाते. होलिका जळाली, भक्त वाचला, दुष्टांचे पारिपत्य झाले. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु तो अग्नीचा अर्थ आहे, रंगाचा नव्हे. महाराष्ट्रात फाल्गुनी पौर्णिमेचा शिमगा आणि वद्य पंचमीची रंगपंचमी यांत दिवसांचेच अंतर पडत असल्याने हा भेद मराठी वाचकाच्या तरी सहज ध्यानात यावा. व्रजभाषेतल्या फागाच्या पदांत कोणी दुष्ट नसतो आणि कोणाचा वधही होत नाही. तेथे एक पराभव मात्र हमखास असतो, आणि तो देवाचा असतो. गोपी कृष्णाला घेरतात, त्याचा पीतांबर हिसकावून घेतात, त्याला स्त्रीवेष चढवितात आणि फगुवा वसूल केल्यावाचून सोडीत नाहीत. ज्याने गोवर्धन उचलला तो येथे हात जोडून उभा राहतो.

या कल्पनेला शास्त्राचा आधार मिळाला तो वृंदावनात. रूप गोस्वामींनी 1541 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तिरसामृतसिंधू’त भक्तीची जी सहा लक्षणे सांगितली आहेत त्यांतले शेवटचे ‘श्रीकृष्णाकर्षिणी’ हे आहे : भक्ती केवळ भक्ताला तारीत नाही, ती देवालाच ओढून आणते, वश करते. मोक्ष तिच्यापुढे तुच्छ ठरतो. ज्यांच्या प्रेरणेने हा विचार फुलला त्या चैतन्यांचा जन्म 1486 च्या फाल्गुनी पौर्णिमेचा. त्यामुळे गौडीय वैष्णवांना होळी हा त्यांच्या महाप्रभूंचा जन्मोत्सवही आहे.

परंपरेनुसार गोविंददेवाची मूर्ती रूप गोस्वामींनाच वृंदावनात सापडली. आमेरच्या राजा मानसिंहाने 1590 मध्ये तिच्यासाठी तांबड्या दगडाचे भव्य मंदिर उभारले. पुढे औरंगजेबाच्या काळात देवाला वृंदावन सोडावे लागले. अनेक मुक्काम करीत ही मूर्ती कछवाह राजांच्या मुलखात आली आणि सवाई जयसिंहाने 1727 मध्ये वसविलेल्या नव्या नगरात, राजवाड्याच्याच बागेत, सूरजमहालात स्थिरावली. चंद्रमहाल त्या मंदिराच्या अगदी समोर आहे. राजाला आपल्या महालातून देवाचे दर्शन घडावे अशी ही रचना असल्याचे सांगतात. नगराचा खरा धनी गोविंद आणि राजा त्याचा दिवाण, ही समजूत जयपुरात दृढ झाली. तिच्यात राजकारण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. देवाचा दिवाण होण्याने राजाची प्रतिष्ठा वाढतेच. तरीही ज्याचा दिवाण व्हायचे तो देव गोपींकडून हरणारा आहे, ही गोष्ट उरतेच.

जयसिंहाच्या दरबारात या उत्सवमय भक्तीलाही आपली सनद दाखवावी लागली. ज्या संप्रदायापाशी ब्रह्मसूत्रांवरचे स्वतःचे भाष्य नाही त्याची प्रामाणिकता कोणती, असा आक्षेप आला. गोविंदाशेजारी राधेचे स्थान काय, ती स्वकीया की परकीया, हा वादही गाजला. बलदेव विद्याभूषणांचे ‘गोविंदभाष्य’ हे त्या आक्षेपाला दिलेले उत्तर होय, आणि त्याची कथा गलता येथील रामानंदी पीठाशी निगडित आहे. भाष्याने शास्त्रार्थ जिंकला. राधा मात्र पंडितांच्या निर्णयासाठी थांबली नव्हती. फागाच्या पदांत ती कधीचीच गुलाल घेऊन उभी होती.

वसंतपंचमीपासून गोविंददेवाच्या मंदिरात फागाचे दिवस सुरू होतात. गायक आणि कथक नर्तक देवापुढे हजेरी लावतात. शहरातली एक वस्तू येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. लाखेचा, फुंकून पातळ केलेला आणि गुलालाने भरलेला पोकळ गोळा, ‘गुलाल गोटा’, अंगावर लागताच फुटतो आणि इजा करीत नाही. तो घडविणारे मनिहार कारागीर मुसलमान आहेत.

जयसिंहाचा नातू शोभावा अशा रसिकतेने या उत्सवाला शब्द दिले ते सवाई प्रतापसिंहाने (राज्यकाल 1778–1803). पोरवयात गादीवर आलेला हा राजा ‘ब्रजनिधी’ या नावाने व्रजभाषेत कविता करी. ‘फागरंग’ ही त्याचीच रचना. 1799 चा हवामहाल त्याने बांधविला. त्याची बरीचशी कविता संकेतांच्या चाकोरीतून जाते, हे मान्य केले पाहिजे. पण ती कोणत्या काळात लिहिली गेली हे विसरता येत नाही. 1787 मध्ये तुंगा येथे त्याच्या फौजांनी महादजी शिंद्यांना माघार घ्यावयास लावली. 1790 मध्ये पाटणच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींनी राजपूत सैन्याचा पुरता मोड केला. 1800 मध्ये मालपुऱ्यातही अपयशच आले. खंडणीचे तगादे तर नित्याचे. अशा राजाची भक्ती म्हणजे पळवाट, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पळ काढणारा कवी आपल्या देवाला विजयी रंगवील, निदान कवितेत तरी जिंकून घेईल. फागाच्या परंपरेने प्रतापसिंहाला तशी सोय ठेवली नव्हती. रणांगणावर अपमान ठरणारी गोष्टच त्या खेळात प्रेमाची खूण ठरते.

आणि ज्यांच्याशी तो लढला तेही याच देवाचे होते. महादजी निस्सीम कृष्णभक्त होते; त्यांच्या नावावर कृष्णभक्तीची पदे आहेत. 1792 मध्ये ते पुण्यास आले. त्यांच्या त्या मुक्कामात सवाई माधवरावांनी खेळलेला रंग शाहीर प्रभाकराने पोवाड्याचा विषय केला. उत्तरेतल्या रंगाची झोकदार तऱ्हा पुण्याच्या रस्त्यांवर आली ती अशी, लष्करी वैभवाच्या संगतीने. मात्र पोवाड्याला मिरवणुकीचा थाट आवडतो, पराभूत देव नव्हे. व्रजातला तो नाजूक भाग वाटेतच गळला असावा.

प्रतापसिंहाच्या आश्रयाने ‘राधागोविंद संगीतसार’ हा संगीतावरचा मोठा ग्रंथही सिद्ध झाला. बिलावल हा शुद्ध स्वरांचा मेळ मानण्याच्या संदर्भात संगीताचे अभ्यासक त्याचे नाव घेतात. तो छापून निघाला 1910 ते 1912 च्या दरम्यान, आणि छापला पुण्याच्या गायन समाजाने. ज्या शहराच्या सरदारांनी जयपूरकडून खंडण्या वसूल केल्या, त्याच शहराने त्या राजाच्या गोविंदाचे नाव मुखपृष्ठावर घेतले.