कात्री लागण्याआधीचं वर्ष

आज आपण जरा लांब जाणार आहोत, अमेरिकेत. साल १९३३. आदल्याच वर्षी आपल्याकडे प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला होता आणि दुर्गा खोटे तारामती होऊन पडद्यावर मराठीत बोलल्या होत्या. तिकडे हॉलिवूडमध्ये बोलपट सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. त्या वर्षी तिथल्या पडद्यावरच्या बायका पैसा, नोकरी, नवरा यांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या बोलण्याला कात्री लागली. ती कुणी लावली आणि नेमकं काय कापलं, ते आज सांगतो.

आधी त्यांच्या घरातली परिस्थिती पाहू. अमेरिकेत महामंदी होती. कामकऱ्यांपैकी साधारण चौथा माणूस बेकार होता. मार्चमध्ये नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. त्याआधी १९३२ मध्ये एक कायदा झाला होता. नवराबायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, तर नोकरकपातीत त्यांच्यातल्या एकाला आधी काढायचं. कायद्यात बाई की पुरुष असं काही लिहिलं नव्हतं, पण घरी बसल्या त्या बहुतेक बायकाच. घरात पगार कमी पडला की कुणाचं काम आधी सुटतं, हे आम्ही गटाच्या बैठकांत पाहतोच.

आता त्या वर्षीचे चित्रपट. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ सुरू होतो तो नाण्यांच्या झगमगत्या नाचाने. नाच चालू असतानाच कर्जवसुलीवाले येतात आणि सामान उचलून नेतात. नाचणाऱ्या मुली एका खोलीत राहतात आणि शेजाऱ्यांच्या दुधाची बाटली चिमट्याने ओढून चोरतात. हा हसवणारा चित्रपट, पण शेवटचं गाणं आहे युद्धावरून परतून भाकरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या सैनिकांचं.

‘बेबी फेस’मधली लिली जास्त कडवट आहे. बापाचा चोरटा दारूधंदा, आणि तो पोरीलाच गिऱ्हाइकांपुढे करतो. ती तिथून निघते, न्यूयॉर्कच्या एका बँकेत शिरते आणि पुरुषांना वापरत एकेक मजला वर चढते. तिची सोबतीण चिको हिचं काम थेरेसा हॅरिस या कृष्णवर्णीय नटीने केलं. लिली तिला कुणाच्याही सांगण्यावरून सोडत नाही. तरी वर चढल्यावर लिली मालकीण होते आणि चिको तिची मोलकरीण. मोकळीक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती.

मे वेस्टने त्याच वर्षी चाळिशी गाठली. आपल्याच नाटकावरून निघालेल्या ‘शी डन हिम राँग’मध्ये आणि मग ‘आय ॲम नो एंजल’मध्ये ती झळकली. या दोन चित्रपटांच्या गल्ल्याने अडचणीतल्या पॅरामाउंट कंपनीला मोठा हात दिला. तिचे चुरचुरीत संवाद तिचेच, हे आम्हाला विशेष वाटतं.

पण या चित्रपटांचे शेवटही पाहायला हवेत. ‘फीमेल’ची नायिका मोटारींचा कारखाना चालवते आणि शेवटी तो नवऱ्याच्या हाती देऊन मुलंबाळं वाढवायचं ठरवते. ‘ख्रिस्तोफर स्ट्राँग’ तर डॉरोथी आर्झनर या बाईने दिग्दर्शित केलेला. त्यातली वैमानिक लग्नाशिवाय गरोदर राहते, उंचीचा विक्रम करते आणि आकाशातच जीव देते. म्हणजे कात्री यायच्या आधीही बाईला घरी आणायची किंवा मारायची सवय होतीच. फरक एवढाच की तोवर तासभर ती स्वतःच्या हिमतीवर जगलेली दिसायची.

आता कात्रीकडे येऊ. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा ठरवला आणि त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. त्यामुळे राज्याराज्यांत सेन्सॉर मंडळं होती. सरकारने आणखी हात घालू नये म्हणून कंपन्यांनी १९३० मध्ये स्वतःच नियमावली मान्य केली. एक जेझुइट पाद्री आणि एक सिनेव्यवसायाचे प्रकाशक यांनी ती लिहिली होती. पण मंदीत प्रेक्षक घटले, तेव्हा नियम कागदावर राहिले. मग कॅथलिक धर्मगुरूंनी बहिष्काराची मोहीम उघडली. १ जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचा शिक्का सक्तीचा झाला. शिक्क्याविना चित्रपट लावला तर २५,००० डॉलर दंड.

काय बदललं याची चुणूक ‘बेबी फेस’मध्ये आधीच दिसली होती. न्यूयॉर्कच्या मंडळाने तो अडवला. लिलीला ‘पुरुषांना वापर’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या चांभाराच्या तोंडी नीतीचा उपदेश घातला गेला. शेवटही बदलला. पैसा गेला आणि नवराबायको पोलादाच्या गावी परत येऊन सुखी झाले. कापण्याआधीची प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, म्हणून आज दोन्ही पाहून ताडता येतं.

नियमांचं कारण सांगितलं गेलं ते सभ्यतेचं. पुढेही पडद्यावर कमावत्या बायका राहिल्या, चांगल्या भूमिकाही आल्या. पण नियम तोडणाऱ्या बाईला शिक्षा किंवा पश्चात्ताप यातलं एक घ्यावंच लागे. लिलीला विकणारा बाप पडद्यावर दाखवणंच अवघड झालं. बाप दिसेनासा झाला की मुलगी अशी का झाली हेही दिसत नाही, आणि ठपका तिच्या एकटीवर राहतो.

ही नियमावली १९६८ पर्यंत चालली. मैत्रिणींनो, आज रात्री मालिका बघाल तेव्हा एवढं पाहा: त्यातली बाई कमावते का, तो पैसा कुणाच्या हातात जातो, आणि शेवटच्या भागात तिचं काम टिकतं का. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.