अंगावरचे दूध, वरचे दूध : एका डब्याचा इतिहास

१६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती खालावली होती आणि बाळाला दूध पुरत नव्हते. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊला दूधआई म्हणून आणण्यात आले, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आहाराच्या इतिहासाच्या अंगाने मात्र तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. राजाच्या घरीसुद्धा आईच्या दुधाला भरवशाचा पर्याय एकच होता : दुसऱ्या आईचे दूध. गाईम्हशींचे दूध काही दुर्मीळ नव्हते; पण तान्ह्या जिवाला निव्वळ वरच्या दुधावर जगवणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे, हे जगभरच्या बायकांना अनुभवाने कळलेले होते.

यावरून पूर्वजांना सारे काही ठाऊक होते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बाळंतिणीचा पहिला चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध नाहीतर गुळाचे पाणी चाटवायचे, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. रोगप्रतिकारक द्रव्ये भरलेले दूध नेमके हेच. परंपरेची बाजू घेणाऱ्यांनी आणि तिला मोडीत काढणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

युरोपात चित्र निराळे होते. तेथे दूधआई हा एक मोठा व्यवसाय होता. १७८० साली पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने मांडलेल्या हिशेबानुसार, शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० बाळांपैकी जेमतेम हजार बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळे. आणखी हजारांसाठी घरात दूधआई ठेवली जाई आणि उरलेली खेड्यापाड्यांत पाठवली जात. तेथे त्यांच्यातील कित्येक दगावत. म्हणजे आईने बाळाला न पाजणे हे काही डब्याच्या दुधासोबत आलेले नाही. डब्याने एका जुन्या गरजेत आपला बाजार शोधला.

हा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने गव्हाचे पीठ, माल्ट, गाईचे दूध आणि थोडा क्षार यांचे ‘बालकांसाठी सूप’ जाहीर केले. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील वेवे गावी, मूळ फ्रँकफुर्टच्या आन्री नेस्ले या औषधविक्रेत्याने दूध आणि भाजलेल्या पिठाची भुकटी बाजारात आणली. आईचे दूध न पचणारे, अपुऱ्या दिवसांचे एक बाळ या भुकटीवर जगले, ही गोष्ट नेस्लेने आपल्या प्रचारात आवर्जून सांगितली. ‘नेस्ले’ या आडनावाचा अर्थ लहानसे घरटे. पिलांना भरवणारी पक्षीण हे त्याने मालाचे बोधचिन्ह केले. मातृत्वाची प्रतिमा वापरून मातेचा पर्याय विकण्याची ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

पुढे डॉक्टर आले. हार्वर्डच्या थॉमस मॉर्गन रॉच यांनी बाळागणिक स्निग्धांश, साखर आणि प्रथिने यांची टक्केवारी ठरवून दूध ‘लिहून देण्याची’ पद्धत रूढ केली. इंग्रजीतील ‘फॉर्म्युला’ हा शब्द या कृतींवरूनच बाळाच्या दुधाला चिकटला. १९१० च्या दशकात एका अमेरिकी कंपनीने आपली माल्ट-साखर डब्यावर कोणतीही कृती न छापता विकायला सुरुवात केली. प्रमाण आईने डॉक्टरांनाच विचारायचे. ग्राहकही बांधला गेला आणि वैद्यकही. आई आणि बाळ यांच्यामध्ये घड्याळ, वजनकाटा आणि दवाखाना आला. चार-चार तासांनीच पाजावे असे सांगितले जाऊ लागले आणि बाळाच्या रडण्यावर पाजणारी आई अडाणी ठरू लागली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत चार बाळांपैकी जेमतेम एका बाळाला आईचे दूध सुरू केले जात होते.

मुंबईत हा डबा लवकरच पोहोचला. ‘ग्लॅक्सो’ म्हटले की आज औषधे आठवतात. पण ते मूळ नाव न्यूझीलंडहून आलेल्या बाळाच्या दूध-भुकटीचे. १९२४ साली भारतात स्थापन झालेल्या एच. जे. फॉस्टर या एजन्सीचे काम ही भुकटी विकण्याचेच होते, आणि तिचीच पुढे भारतातील ग्लॅक्सो कंपनी झाली. जाहिरातींतील बाळ गुटगुटीत, बाळसेदार. त्या काळात असा डबा परवडे तो सुखवस्तू घरांनाच.

गिरणगावात प्रश्न वेगळाच होता. तेथील आईला दूध येत होते; पाजायला वेळ नव्हता. पाळीवर जाण्यापूर्वी बाळाला अफूची गोळी देऊन निजवण्याची चाल सर्रास होती आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील सरकारी पाहण्यांत तिची नोंद आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातील या स्वरूपाचा तो पहिला. ‘आईचे दूध सर्वोत्तम’ हे वाक्य रजेवाचून पोकळ आहे, हे त्या चर्चेतून स्पष्ट होते. पुढच्या पन्नास वर्षांत या मुद्द्याचा अनेकांना विसर पडला.

१९३९. सिंगापूर. वक्त्या : डॉ. सिसिली विल्यम्स. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करताना ‘क्वाशिओरकोर’ या कुपोषणजन्य रोगाची ओळख वैद्यकाला करून देणाऱ्या याच बाई. मलायात आल्यावर त्यांच्यापुढे निराळीच प्रेते येऊ लागली. परिचारिकेचा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना गोड आटवलेले दूध खपवत होत्या आणि ती बाळे अतिसाराने मरत होती. रोटरी क्लबपुढील त्यांच्या भाषणाचे शीर्षक होते ‘दूध आणि खून’. अशा दिशाभूल करणाऱ्या प्रचाराला गुन्हा समजून शिक्षा व्हावी आणि त्यापायी होणारे मृत्यू खून मानावेत, असे त्यांनी श्रोत्यांना ऐकवले. थोड्याच काळात युद्ध पेटले. विल्यम्सबाई जपान्यांच्या कैदेत गेल्या. त्यांचे भाषण विस्मृतीत गेले.

येथे क्षणभर थांबून हे मृत्यू होतात कसे, ते समजून घ्यायला हवे. भुकटी म्हणजे विष नव्हे. स्वच्छ पाणी, इंधन, उकळलेली बाटली, वाचता येणारी सूचना आणि महिनोन्‌महिने डबा घेण्याची ऐपत असेल, तर बाळ तिच्यावर वाढते. पोरक्या बाळाला किंवा जिच्या प्रकृतीमुळे पाजणे शक्य नाही अशा आईला तिचा आधारच असतो. पण बाळंतपणानंतर दवाखान्यात फुकट नमुना दिला जातो, त्या आठवड्यात काय घडते ते पाहावे. बाळाचे पोट बाटलीने भरते आणि ते अंगावर कमी ओढते. दूध बाळाच्या ओढण्यावर येत असल्याने पान्हा आटू लागतो. नमुन्याचा डबा संपतो तेव्हा आईपाशी दूध उरलेले नसते. आता डबा विकत घ्यावा लागतो आणि मजुरीचा मोठा वाटा त्यात जातो. मग चार दिवसांचा डबा दहा दिवस पुरवण्यासाठी चमचा अर्धा भरला जातो. पाणी विहिरीचे किंवा ओढ्याचे. बाळ एकाच वेळी उपाशी राहते आणि आजारीही पडते. यात आईचा मूर्खपणा कोठेच नाही. तिने प्रत्येक पावलाला आपल्या परीने शहाणाच निर्णय घेतलेला असतो. फुकट डबा देणाऱ्याला मात्र पुढची पावले ठाऊक असण्याला पुरेपूर वाव होता.

१९७३ मध्ये ब्रिटनच्या ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ मासिकाने दोन बालरोगतज्ज्ञांच्या मुलाखती छापून हा विषय पुन्हा चव्हाट्यावर आणला. १९७४ मध्ये ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेसाठी माइक मुलर यांनी ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका लिहिली. स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिचे जर्मन रूपांतर ‘नेस्ले बाळांना मारते’ अशा अर्थाच्या शीर्षकाने काढले आणि कंपनीने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ मध्ये निकाल लागला. शीर्षक बदनामीकारक ठरले आणि तेरा जणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला. पण कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून फेरविचार करावा, असेही न्यायाधीशांनी सुनावले. खटला कंपनीने जिंकला, पण दोन वर्षे चाललेल्या त्या सुनावणीने जगभरच्या वृत्तपत्रांना विषय पुरवला.

४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथून नेस्लेच्या मालावरील बहिष्कार सुरू झाला. पुढच्या वर्षी सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढे सुनावणी झाली. जेथे पाणी शुद्ध नाही आणि लोकांना वाचता येत नाही, तेथे हा माल वापरावा काय, असे केनेडींनी विचारले. कंपनीच्या ब्राझीलमधील प्रमुखांनी उत्तर दिले की अशा लोकांनी तो वापरू नये. पाणीपुरवठ्याची जबाबदारी मात्र कंपनीवर येत नाही. विक्री तर तेथेही चालूच होती.

२१ मे १९८१ रोजी जीनिव्हात जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते, तटस्थ तीन, विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचे होते. त्या भूमिकेच्या निषेधार्थ अमेरिकी मदतसंस्थेच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. संहिता बंधनकारक नव्हती. कायदा करणे ज्या त्या देशावर सोडले होते.

भारताची परिस्थिती गुंतागुंतीची होती, कारण येथील डबा केवळ परदेशी नव्हता. म्हशीच्या दुधापासून बाळाची भुकटी बनवण्याचे तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या ‘अमूल’ने ते उत्पादनात उतरवले. आयात थांबली, शेतकऱ्याच्या दुधाला भाव मिळाला. स्वावलंबनाची ही अस्सल यशोगाथा होती. त्यामुळे जाहिरातीवर बंदी घालायची तर ती स्वदेशी सहकारी संस्थेलाही लागू करणे भाग होते.

१९८३ मध्ये भारताने राष्ट्रीय संहिता काढली. कायदा व्हायला १९९२ चा डिसेंबर उजाडला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. फुकट नमुने बंद, भेटवस्तू बंद, खपावर कमिशन बंद, डब्यावर आई किंवा बाळाचे चित्र बंद. नेस्लेच्या घरट्यापासून सुरू झालेली जाहिरातीची ती भाषाच येथे बेकायदा ठरली. दूध पाजण्याच्या बाटल्याही कायद्याच्या कक्षेत आल्या. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची सर्व प्रकारची जाहिरात थांबवली आणि डॉक्टरांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसा पुरवण्यावरही बंदी आणली. या कायद्याचे एक वेगळेपण कमी चर्चिले जाते : तक्रार दाखल करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही देण्यात आला. त्यांपैकी ‘आकाश’ ही ग्राहक-आरोग्य संस्था मुंबईची. तिने १९९४ मध्ये डब्यांवरील मजकुरावरून नेस्लेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात या कायद्यालाच आव्हान दिले.

पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४६.४ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ६३.७ टक्के झाले. त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत. ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे मात्र शंभरात जेमतेम ४२ होती. चीक पिळून टाकणारी आजी त्या खोलीत नसते. सिझेरियन असते, आई आणि बाळ वेगवेगळ्या खोल्यांत असतात, परिचारिकेला वेळ नसतो, आणि ‘तोवर वरचे थोडे द्या’ हा सल्ला पुष्कळदा पांढऱ्या कोटातूनच येतो.