नर्सी नामदेव

नर्सी नामदेव : हिंगोली जिल्ह्याच्या हिंगोली तालुक्यातील, कयाधू नदीच्या काठी वसलेले एक लहान गाव. वारकरी संप्रदायातील थोर संत नामदेव (१२७०–१३५०) यांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते. गावाला बाजारपेठ, गढी वा राजधानी म्हणून मोठा इतिहास नाही. जो आहे तो एका शिंपी घराण्याभोवती फिरतो आणि ते घराणेही पुढे पंढरपूरला स्थायिक झाले.

परंपरेत या गावाचा उल्लेख ‘नरसी बामणी’ असा येतो. दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी शके ११९२ मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस नामदेवांचा जन्म झाला, असे वारकरी मानतात. जन्मस्थानाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद असून काही जण पंढरपूर, तर काही जण कऱ्हाड परिसरातील गाव हे मूळ स्थान समजतात. नामदेवांची गुरुभेट जेथे झाली असे सांगतात, ते औंढा नागनाथ याच जिल्ह्यात असल्याने नर्सीच्या बाजूला वजन येते. तेवढ्याने वाद निकालात निघत नाही, तरी कयाधूकाठच्या लोकांनी ही आठवण ज्या सातत्याने जपली आहे तिला पुरावा म्हणून किंमत दिलीच पाहिजे.

औंढा येथील ज्योतिर्लिंगाच्या मंदिरात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले आणि ईश्वर नाही अशी जागा कोणती, हा बोध त्यांच्याकडून नामदेवांना मिळाला, अशी कथा आहे. दुसऱ्या कथेनुसार कीर्तनास हरकत घेऊन नामदेवांना मंदिराच्या मागे धाडले असता देऊळच त्यांच्याकडे फिरले. हिंगोलीकर ही कथा औंढ्याच्या पश्चिमाभिमुख मंदिराशी जोडतात. मात्र देऊळ फिरल्याचा प्रसंग नामदेवांच्या हिंदी पदांतही येत असल्यामुळे ती केवळ गावकऱ्यांची दंतकथा ठरत नाही.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यामुळे नर्सीस वारकऱ्यांइतक्याच श्रद्धेने शीख यात्रेकरू येतात आणि नदीकाठच्या मंदिरासोबत गावात गुरुद्वाराही उभा आहे. मराठवाड्यातील एका खेड्याचे पंजाबशी जुळलेले हे नाते २०१५ साली घुमान येथे भरलेल्या ८८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे महाराष्ट्रभर नव्याने चर्चेत आले.

राजकीयदृष्ट्या हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावून सेनगाव, हिंगोली व कळमनुरी तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळते. तिच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत सोयाबीन, कापूस, तूर ही पिके होतात, तर पाण्याची सोय असेल तेथे हळद लावली जाते. उन्हाळ्याच्या तोंडावर खणून काढलेले कंद शिजवून उघड्यावर वाळत घातले जातात आणि पुढे घासून, चकाकी आणून हिंगोली व वसमतच्या बाजारांत विक्रीस जातात.

गावातील मोठी यात्रा म्हणजे ‘परतवारी’. आषाढीला पंढरपूरची वारी केलेले वारकरी परतल्यावर आषाढ वद्य एकादशीस, म्हणजे कामिका एकादशीस, नामदेवांच्या दर्शनासाठी नर्सीस येतात. वारी येथे पूर्ण होते अशी या भागातील भावना आहे. नांदेड जिल्ह्याच्या नायगाव तालुक्यातही नर्सी नावाचे गाव असल्याने प्रवाशाने वाट विचारताना ‘नर्सी नामदेव’ असे पूर्ण नाव घ्यावे.